चारी नंबर अकरा

“एक गाडी. नुसती एक जरी गाडी आडवी आली, तर ही सायकल उद्या भंगारवाल्याच्या हातगाड्यावर चढली म्हणून समजा,” आत्या म्हणाल्या आणि त्यांनी गोठ्याच्या आढ्याकडे बोट केलं.

आढ्याला आप्पांची सायकल टांगलेली होती. चोवीस इंची, काळी, दोन कासऱ्यांनी करकचून बांधलेली. दीड वर्षापूर्वी आत्यांनी गड्याला शिडीवर चढवून ती तिथे टांगून घेतली होती आणि तेव्हापासून खालच्या म्हशीशिवाय कुणी मान वर करून तिच्याकडे बघितलं नव्हतं. निदान आत्यांचा तसा समज होता. म्हशीला वैरण टाकायच्या निमित्ताने आप्पा रोज सकाळी गोठ्यात जात आणि पेंढी हातात धरून बराच वेळ वर बघत उभे राहत, हे मी आल्या आल्या चार दिवसांत पाहिलं होतं.

“बैलगाडी धरायची का त्यात?” ओट्यावरून आप्पांनी विचारलं.

“इंजनाचं आसंल ते समदं धरायचं.”

“आणि पाण्याचं इंजन?”

“ते रस्त्यात आडवं येतंय व्हय?”

“नाही, नियम आधी स्पष्ट झालेले बरे,” आप्पा म्हणाले आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. तो पेपर परवाचा होता.

आमच्याकडे, म्हणजे फलटणकडच्या माझ्या सासरी, सासूला आत्या म्हणायची रीत आहे. सासऱ्यांना सगळा गावच आप्पा म्हणतो, म्हणून मीही. आप्पा म्हणजे मानसिंगराव भोईटे, निवृत्त कालवा निरीक्षक. चौतीस वर्षं ते सायकलवरून कॅनॉल तपासत फिरले. कुठलं दार किती उघडलंय, कोणाची पाळी कधी, कोण रात्रीत पाइप टाकून पाणी ओढतंय, हे सगळं त्यांना तोंडपाठ. निवृत्तीनंतरही ते सायकल सोडायला तयार नव्हते. मग एका संध्याकाळी साखर कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून ते पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता सायकल चालवा, पायाला उलट बरंच आहे. आत्या म्हणाल्या, डॉक्टरला म्हणावं तू चालव.

तेव्हापासून आप्पा ओट्यावर बसून होते. स्वभाव मात्र निरीक्षकाचाच. परसातल्या नळाच्या पाण्याचीसुद्धा त्यांनी पाळी लावून दिली होती. कढीपत्त्याला दहा मिनिटं, शेवग्याला पंधरा, आणि मी तुळशीला वेळेबाहेर तांब्याभर पाणी घातलं तर ते दुखावल्यासारखे बघायचे.

त्या जानेवारीत आमच्या पुण्यातल्या घराच्या फरश्या उखडलेल्या होत्या. सत्यजित, म्हणजे माझा नवरा, मित्राकडे राहिला आणि मी माझं कॉम्प्युटरवरचं काम घेऊन महिनाभर सासरी आले. येताना गाडीच्या टपावर माझी सायकल होती. हा माझा तेव्हाचा नाद. नाद कसला, वेड. आत्यांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं,

“काय म्हन्लीस हिला?”

“ग्रॅव्हल बाइक.”

“ग्रॅवल म्हंजी?”

“म्हणजे मुरूम, खडी. कच्च्या रस्त्यावर चालवायची सायकल असते ही, आत्या.”

“आगं मग हितल्या समद्या सायकली मुरमाच्याच की. तेवढ्यापायी पुण्यास्नं टपावर बसवून आणलीस?”

मी पुण्याची, त्यात तिशीची. आमच्या ग्रुपसाठी दर रविवारी गाड्या नसलेले रस्ते शोधून देणं हे माझंच काम होतं आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नाही असं मला प्रामाणिकपणे वाटत असे. म्हणून त्या दिवशी जेवताना मी आत्यांना म्हणून बसले, “आप्पांना मी असा रस्ता काढून देते की एक गाडी दिसणार नाही. मग तर सायकल खाली काढाल ना?”

आप्पांचा घास हातातच राहिला. आत्यांनी माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि उठून भाकरी आणायला गेल्या. परत आल्या त्या अट घेऊनच. कॅनॉलच्या वरच्या अंगाला खात्याचा जुना बंगला आहे, इथून चौदा किलोमीटर. तिथपर्यंत जायचं आणि यायचं. एकही गाडी आडवी आली नाही तर सायकल आप्पांची. आली तर भंगारवाल्याची.

“आन् तू सांगायचं मला, आली का न्हाई ते,” त्या मला म्हणाल्या. “ह्यास्नी इचारून काय उपेग न्हाई. हे खोटं बोलत्यात.”

“मी कधी खोटं बोललो?”

“गेल्या दिवाळीत चकल्या कुनी संपवल्या?”

आप्पांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

त्या दुपारी मी ऑफिसच्या कामाला बुट्टी मारून रस्ता आखला. उपग्रहावरून काढलेले फोटो मोबाइलवर दिसतात, त्यात कच्चे रस्ते तपकिरी रेघांसारखे उमटतात. कॅनॉलच्या कडेने मुरमाचा रस्ता आहेच, तो सोन्यासारखा. अडचण एकच. बाराव्या किलोमीटरला ओढ्याच्या पुरात तो रस्ता वाहून गेला होता आणि तिथून पुढचा दीड किलोमीटर सगळे जण कारखान्याच्या डांबरीवरून जात. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचे दिवस, डांबरीवर ट्रॉल्यांची रांग. मी बोटाने चित्र मोठं करत करत गेले आणि मला ती दिसली. उसाच्या मधून गेलेली, अगदी सरळ, एकसारख्या रुंदीची, गुळगुळीत तपकिरी रेघ. ओढा ओलांडून थेट बंगल्याजवळ निघणारी. इतकी देखणी पायवाट मी पुण्याच्या आसपास कधी पाहिली नव्हती.

आप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाजवळ नेला आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

“छान आखलंयस,” शेवटी ते म्हणाले.

चौतीस वर्षं ज्याने हा कॅनॉल पायाखाली घातला, त्याच्याकडून शाबासकी मिळाली. मी उरलेला दिवस फुगून फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. गड्याने सायकल खाली काढली, आप्पांनी चेनला तेल घातलं, टायर दाबून बघितले, घंटी वाजवून बघितली. मग दांडीवरून पाय टाकताना ते थांबले. सळईचा पाय वर येईना. आत्या दारात उभ्या होत्या. आप्पांनी सायकल ओट्याला टेकवली, ओट्यावरून पाय टाकला आणि निघाले. पहिली दहा पावलं सायकल अशी वेडीवाकडी गेली की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आप्पा वेशीजवळ होते आणि मला हाक मारत होते.

कॅनॉलवर आलो आणि आप्पांची पाठ सरळ झाली. डाव्या हाताला काठोकाठ भरलेलं पाणी, उजव्या हाताला तुरे आलेला ऊस, आणि पुढे मुरमाचा लाल रस्ता, ज्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझ्या सायकलीला अकरा गिअर, आप्पांच्या सायकलीला एकही नाही, आणि तरी मी त्यांच्या मागेच होते. कारण त्यांना चढ कुठे येतो ते चढ यायच्या आधी माहीत असायचं. शिवाय ते प्रत्येक दाराशी थांबत. उतरत, दाराच्या लोखंडी चाकाला हात लावत, “ग्रीस नाही” किंवा “बरं ठेवलंय” म्हणत आणि पुन्हा निघत. बोलत होते ते माझ्याशी नव्हे, दारांशी.

धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यांना लांबूनच ओळखलं.

“आगं बया! आप्पासायेब सुटलं जणू!”

“जामिनावर,” आप्पा म्हणाले आणि थांबलेच नाहीत.

आठव्या किलोमीटरला मी ब्रेक दाबला. समोर मोटरसायकल! दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, वर बसलेला माणूस किक मारायच्या बेतात.

“सुदाम!” आप्पा ओरडले. एवढा आवाज त्यांच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. “किक मारू नको!”

सुदामचा पाय वरच्या वर राहिला. आप्पांनी जवळ जाऊन त्याला सगळी परिस्थिती समजावून सांगितली. इज्जतीचा प्रश्न आहे म्हणाले. सुदामने ती गंभीरपणे ऐकून घेतली, गाडीवरून उतरला आणि किटल्यांसकट गाडी हाताने ढकलत आमच्या बाजूने निघून गेला. जाताना मला म्हणाला, “वहिनी, इंजन बंद हाय म्हंजी ही बी सायकलच की वो. आत्याबाईस्नी सांगा तसं.”

मी मनातल्या मनात निकाल दिला. गाडी उभी होती. आडवी आली नाही.

बाराव्या किलोमीटरला रस्ता तुटला होता तिथे आम्ही खाली उतरलो. मोबाइल हातात धरून मी उसातून पुढे, आप्पा मागे. माझी रेघ इथेच कुठेतरी सुरू होत होती. ऊस बाजूला केला आणि मी थांबले.

रेघ होती. सरळ होती, एकसारख्या रुंदीची होती, गुळगुळीतही होती. काँक्रीटची होती आणि कमरेइतकी खोल होती.

“आप्पा, हे काय आहे?”

“ही तुझी पायवाट,” आप्पा म्हणाले. “चारी नंबर अकरा.”

चारी म्हणजे मोठ्या कॅनॉलमधून शेताकडे पाणी नेणारा छोटा पाट. फोटो काढणारा उपग्रह उन्हाळ्यात कधीतरी वरून गेला असणार, तेव्हा ती कोरडी होती, तळाला वाळलेला गाळ होता. मी त्या गाळाला मुरूम समजले होते. लाजेने माझे कान गरम झाले.

“तुम्हाला काल मोबाइलवर बघितलं तेव्हाच कळलं होतं?”

“ही चारी मी समोर उभं राहून बांधून घेतलीय.”

“मग सांगितलं का नाहीत?”

आप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला गेले. त्या दिवशी त्यांनी धोतर नव्हे, विजार घातली होती हे सोगा शोधताना त्यांच्या लक्षात आलं आणि ते शर्टाच्या टोकावर आले.

“सांगितलं असतं तर निघालो असतो का आपण?” ते हळूच म्हणाले.

मला एकदम वाईट वाटलं. हा माणूस दीड वर्ष सायकलीकडे बघत उभा होता आणि घरात कुणाला काही बोलला नव्हता. मी नुसती गंमत म्हणून रस्ता आखत होते. त्यांच्यासाठी ती गंमत नव्हती.

“मग आता? डांबरी?”

“डांबरी नाही,” ते पटकन म्हणाले. “चारीतूनच जाऊ. कोरडी आहे. दीड किलोमीटर तर आहे, वर बंगल्यापाशी तिचं दार. पाण्याचं विचारून घेतो.”

त्यांनी फोन लावला. वरच्या दारावर ज्ञानू शेंडगे नावाचा पाटकरी होता, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, आप्पांच्याच हाताखाली तयार झालेला.

“ज्ञानू, भोईटे बोलतोय. अकरा नंबरला पाणी कधी सोडणार?”

“बाराला, सायेब! आनि तुमी? तब्येत बरी हाय न्हवं?”

“बरी आहे. मी चारीवरच येतोय.”

“या की सायेब, या!”

साडेआठ वाजले होते. “बारा म्हणजे बारा,” आप्पा म्हणाले. “ज्ञानूला मी शिकवलंय. एक मिनिट इकडेतिकडे करणार नाही.”

आम्ही सायकली आत उतरवल्या. आणि सांगायला हरकत नाही, तेवढा सुंदर रस्ता मी नंतरही कुठे पाहिला नाही. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर उसाची पानं एकमेकांना टेकलेली, वारा नाही, धूळ नाही. गाडी यायचा प्रश्नच नव्हता, ती आत मावलीच नसती. आप्पा पुढे घंटी वाजवत चालले होते. कोणासाठी, देव जाणे. मध्येच त्यांनी मान न वळवता विचारलं, “तुझ्या त्या पुण्याच्या ग्रुपला आहे का असला रस्ता?” मी नाही म्हटलं. “मग घेऊन ये त्यांना,” ते म्हणाले, “पण कोरड्या तारखा माझ्याकडून घे.”

ओढ्यावरून चारी नेणारा छोटा पूल ओलांडला आणि मला आवाज आला. सुपात धान्य पाखडतात तसा. आप्पांनी ब्रेक दाबला.

समोरून, चारीच्या तळातून वाळकी पाचट सरकत येत होती. आपोआप. तिच्यामागे फेस, एक चप्पल, टुणटुण उड्या मारणारा बेडूक, आणि मग पाणी.

“हे शक्य नाही,” आप्पा म्हणाले. ते भ्यायले नव्हते, अपमान झाल्यासारखे बघत होते. “बाराला आहे.”

“आप्पा, वर चढा!”

“बाराला आहे पाणी!”

तोवर ते आमच्या घोट्यांपर्यंत आलं होतं, थंडगार. मी माझी सायकल वर फेकली. आप्पांना म्हटलं, हात द्या. ते म्हणाले, आधी सायकल. पाणी पोटऱ्यांना लागलं. मी त्यांची चोवीस इंची सायकल कशी वर ढकलली ते मला आजही सांगता येणार नाही, ती म्हशीइतकी जड होती. मग आप्पा. चांगला पाय त्यांनी भिंतीच्या कडेला लावला, सळईचा पाय उचलेना. पाणी गुडघ्याला आलं आणि ओढ लागायला लागली. तेव्हा मात्र मी घाबरले. खरोखर घाबरले. हा माणूस पुन्हा पडला तर मी घरी काय तोंड दाखवणार, एवढंच डोक्यात होतं. मी खाली वाकले आणि म्हटलं, “माझ्या खांद्यावर पाय द्या.”

“सुनेच्या खांद्यावर पाय?”

“आप्पा, आता रीतभात नको!”

त्यांनी पाय दिला. दोन हातांनी ऊस धरून ते वर गेले आणि त्यांनी मला ओढून घेतलं. आम्ही बांधावर बसलो. आप्पांनी विजार पिळायला घेतली. मला हसू येत होतं.

आणि तेवढ्यात, बांधावरून, समोरून, फटफट करत मोटरसायकल आली.

ज्ञानू शेंडगे होता. त्याने लांबूनच गाडी बंद केली, उडी मारून खाली उतरला, टोपी काढली आणि ओल्या आप्पांच्या पाया पडला.

“सायेब, कसं काय झालं हे? आत उतरला व्हता?”

“पाणी बाराला होतं ना, ज्ञानू?”

“व्हय की सायेब, बारालाच व्हतं.” ज्ञानूने टोपी हातात चुरगाळली. “पर तुमी म्हन्ला चारीवर येतोय. दीड वरसानं सायेब चारीवर येनार, आन् म्या त्यास्नी कोरडी चारी दाखवू? लगीच चाक फिरवलं.”

आप्पांनी विजार पिळायची थांबवली. रागावतील असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

“आता सोडलंस तर बंद करू नको,” ते म्हणाले. “शेवटच्या शेतकऱ्याला लवकर मिळेल.”

आम्ही बंगल्यापर्यंत गेलो. ज्ञानूने चहा दिला. पायरीवर बसून आप्पा चहा प्याले, पण त्यांना चव लागत नव्हती हे दिसत होतं. मी म्हटलं, “आप्पा, ज्ञानूची गाडी आपल्यासाठीच आली होती. ती कशाला धरायची?”

“इंजनाचं आसंल ते समदं धरायचं,” त्यांनी आत्यांच्या आवाजात म्हटलं आणि कपबशी खाली ठेवली. “तू सांगशील ते मला मान्य आहे.”

हे सगळ्यात वाईट झालं. त्यांनी खोटं बोल म्हटलं असतं तर मी भांडले असते.

परत येताना चारीच्या बांधावरून सायकली हातात धरून चाललो, मग कॅनॉलवरून आलो. परतीच्या वाटेवर आप्पा एकाही दाराशी थांबले नाहीत.

आत्या ओट्यावर घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

“पोचला?”

“पोचलो,” आप्पा म्हणाले.

“मग भिजला कुठं?”

“चारीत. पाणी वेळेआधी आलं.”

“पान्याचं न्हाई इचारलं.” त्या माझ्याकडे वळल्या. “गाडी आली का?”

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. रस्ताभर मी तेच घोळवत होते. आप्पा म्हशीकडे बघत उभे होते. आत्यांनी त्यांना सोडून मला विचारलं होतं, माझ्यावर विश्वास ठेवून, आणि तेवढ्यामुळेच माझ्या तोंडून खोटं निघेना.

“आली,” मी म्हटलं. “एक.”

आप्पा सायकल ढकलत गोठ्यात गेले आणि भिंतीला अडकवलेले कासरे काढायला लागले. त्यांची ती पाठ बघून मला रडू फुटलं.

“थांबा,” आत्या म्हणाल्या. आप्पा थांबले. “कुनाची गाडी?”

“ज्ञानूची,” मी नाक ओढत सांगितलं. “बांधावरून आली. समोरून.”

“आन् हे काय करत व्हते?”

“विजार पिळत होते. त्याने लांबूनच गाडी बंद केली. खाली उतरला आणि आप्पांच्या पाया पडला.”

“उतरला?”

“हो.”

आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“त्या दिशी कुनी उतरलं न्हाई,” मग त्या म्हणाल्या. “ट्रॉलीवाला तसाच गेला. अर्धा तास हे कडेला पडून व्हते. आन् त्या रस्त्यानं ह्यास्नी मीच धाडलं.”

हे मला माहीत नव्हतं. सत्यजितलाही नव्हतं.

“भाचीची सुपारी फोडायची व्हती सांजंला,” आत्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या जमिनीकडे. “हार आनायचं राहिलं. हे कॅनॉलवरनं निघालं. म्या दारातनं वरडले, कॅनॉलवरनं गेला तर दाराशी गप्पा मारत रात करशीला, डांबरीनं जावा, बिगीबिगी या. चौतीस वरसं कॅनॉलवर खरचटलं सुदिक न्हाई ह्यास्नी. म्या एक डाव डांबरीनं धाडलं.”

“तू धाडलंस म्हणून नाही गेलो,” गोठ्यातून आप्पा म्हणाले. “मलाच घाई होती.”

“खोटं.”

“बरं, खोटं.”

“दीड वरस झालं, एका सबदानं बोलला न्हाईत मला.”

“काय बोलायचं?” आप्पा म्हणाले. कासरा अजून त्यांच्या हातात होता. “सायकल मागितली असती तर तुला ते सगळं पुन्हा आठवलं असतं. म्हणून नाही मागितली.”

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी शेंगांची परात उचलून आत गेले. तिथे उभं राहायचं मला काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर सायकल ओट्याला टेकवलेली, आणि आत्या ठेवणीतली साडी नेसून, पदर कमरेला खोचून उभ्या. कॅरिअरवर घोंगडीची घडी बांधलेली.

“मी बी जाते,” त्या म्हणाल्या. “बघू दे मला कसला रस्ता हाय त्यो.”

“थांबा, मी माझी सायकल काढते.”

“तू कशाला?” आत्या कॅरिअरवर एका बाजूला बसल्या. “गाड्या नकोत तिथं, तशी गर्दी बी नको. भाकऱ्या टाक. पीठ मळून ठेवलंय.”

आप्पांनी ओट्यावरून पाय टाकला. सायकल जरा हेलकावली, मग सरळ झाली. आत्यांनी एका हाताने सीटची दांडी धरली आणि दुसऱ्या हाताने, मी बघत नाही असं समजून, आप्पांचा शर्ट.

“किती वाजता परत यायचं?” आप्पांनी विचारलं.

“घड्याळ काढून ठेवा ते,” आत्या म्हणाल्या.

आप्पांनी खरंच हातातलं घड्याळ काढलं, माझ्या हातात दिलं, आणि ते दोघं कॅनॉलच्या वाटेला लागले.